परतीच्या गाडीपासून उलटं मोजत

आईला बर्फ बघायचा होता आणि मुक्काम नको होता. व्हिसाचे कागद जमवत असताना दोन्ही गोष्टी तिने फोनवर एका दमात सांगितल्या. "येतेच आहे तर बर्फ बघीन. पण रात्री आपल्याच घरी यायचं. परक्या ठिकाणी मला झोप लागत नाही, आणि पहाटे उठून चहा कुणाकडं मागायचा?"

आई एकोणसत्तर वर्षांची. माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. डावा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. आम्ही तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला राहतो. नवऱ्याला स्की बऱ्यापैकी येतं. मला सोप्या उतारावर न पडता खाली येता येतं, एवढंच. सात वर्षांच्या लेकीला शिकायचं होतं. आणि आईला बर्फ हातात घेऊन बघायचा होता. चार माणसं, चौघांचं काम वेगळं, आणि हाताशी एकच दिवस.

याआधी आमचा असा एक दिवस पार वाया गेला होता, त्यामुळे या वेळी मी फार जपून ठरवलं. दोन वर्षांपूर्वी पहाटेच्या बसने आम्ही तिघं नागानोकडच्या एका स्की रिसॉर्टला गेलो होतो, तेही शनिवारी. महामार्गावर जाताना कोंडी, पोचायला साडेदहा. भाड्याच्या बुटांच्या रांगेत तास गेला. लेकीला मी आईने विणून पाठवलेले लोकरीचे हातमोजे घातले होते, कारण ते घरातले सगळ्यात उबदार होते. बर्फात दोनदा हात टेकल्यावर ते भिजले, आणि अर्ध्या तासात पोरीची बोटं लाल होऊन ती रडायला लागली. उरलेला दिवस तिला मांडीवर घेऊन गरम सूप पाजण्यात गेला. येताना पुन्हा कोंडी, घरी पोचायला रात्रीचे अकरा. आईला अशा दिवसात घालायचं नाही, हे मी तेव्हाच्या आठवणीवरून पक्कं केलं.

तोक्योहून एका दिवसात जाऊन यायला तशा बऱ्याच जागा आहेत. फुजीच्या पायथ्याशी आहेत, कारुइझावा आहे. पण तिकडे आभाळातून पडणारा बर्फ कमी, बराचसा यंत्राने केलेला. स्की करणाऱ्याला तो चालतो. आईला मात्र झाडाच्या फांदीवरचा, घराच्या छपरावरचा बर्फ बघायचा होता, आणि त्यासाठी डोंगराच्या पलीकडे, निईगाताच्या बाजूला जायला हवं. म्हणून गाला युझावा ठरलं. तोक्यो स्टेशनवर शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं आणि साधारण सव्वा ते दीड तासाने जिथे उतरायचं, त्याच इमारतीत तिकीट खिडकी, बुटांचं दुकान, लॉकर आणि वर जाणारा गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे. हे स्टेशनच स्कीसाठी बांधलंय, 1990च्या डिसेंबरात सुरू झालं आणि फक्त हिवाळी हंगामात उघडं असतं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला बर्फातून बॅगा ओढत बस शोधावी लागत नाही. माझ्यासाठी निवड तिथेच संपली.

पलीकडेच बर्फ का, हे मी आईला फोनवर समजावायला गेले आणि अर्ध्यातच तिने मला थांबवलं. सायबेरियावरून थंड, कोरडा वारा निघतो. जपानच्या समुद्रात त्सुशिमा प्रवाहाचं कोमट पाणी असतं, त्यावरून येताना तो वारा वाफ उचलतो, आणि होन्शू या मुख्य बेटाच्या मधल्या डोंगरांना धडकला की सगळी वाफ बर्फ होऊन पश्चिम उतारावर पडते. "पुढं तो वारा कोरडा होऊन तुमच्या बाजूला उतरतो," आई म्हणाली. "पर्जन्यछाया. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माणात कसाबसा पाचशे, का, हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायची. तुम्ही तिकडं माणात राहता होय?" एका अर्थी हो. हिवाळ्यापुरतं तोक्यो म्हणजे जपानचं माण.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला फार आवडली. गालाचं सगळ्यात उंच टोक 1,181 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही खाली. तरी चांगल्या वर्षी तिथे तीन मीटरच्या आसपास बर्फ साठतो. उंचीचा भाग थोडा, वाऱ्याचा आणि समुद्राचा फार.

मग दिवस निवडायचा होता. शनिवार-रविवार नको. जानेवारीतला दुसरा सोमवार, 11 फेब्रुवारी आणि 23 फेब्रुवारी या सरकारी सुट्ट्या, तेव्हा तर नकोच. चिनी नववर्षाच्या आठवड्यातही तिकडे गर्दी असते. लेकीची शाळा बुडवायची नव्हती. इथल्या शाळेत शनिवारी कार्यक्रम ठेवला तर त्याबदली सोमवारी सुट्टी देतात. जानेवारीच्या शेवटी तसा एक सोमवार निघाला. आम्ही दोघांनी रजा टाकल्या. आसनं महिनाभर आधी सकाळी दहाला विक्रीला येतात, त्या दिवशी दहाला मी फोन हातात घेऊन बसले होते. एका बाजूचं तिकीट सात हजार येनच्या आसपास पडतं, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं. जाणं-येणं आणि लिफ्टचा दिवसभराचा पास मिळून एक पॅकेज मिळतं, ते सुटं घेण्यापेक्षा बरंच स्वस्त. पण पॅकेजमध्ये परतीची गाडी आधीच ठरलेली असते, आणि ती चुकली तर तिकिटाचं काय होतं, ते नियम नीट वाचून मगच पैसे भरावेत. मी दोनदा वाचले. आईसाठी स्कीचा पास घेतला नाही. नुसतं गोंडोलाने वर जाऊन यायचं तिकीट वेगळं मिळतं, ते ठरवलं.

यानंतर मी जे केलं, ते आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. एक कोरा कागद घेतला आणि सगळ्यात खाली परतीची गाडी लिहिली. एचिगो-युझावा या शेजारच्या गावातल्या स्टेशनवरून, संध्याकाळी पाचच्या सुमाराची. तिथून वर वर लिहीत गेले. गाडीच्या आधी गावात एक तास हवा, म्हणजे चारला एचिगो-युझावात. गाला आणि एचिगो-युझावा यांच्यात रिसॉर्टची मोफत बस आहे, ती साडेतीनला धरायची. त्याआधी बूट-स्की परत करून कपडे बदलायचे, लहान मूल आणि म्हातारं माणूस धरून त्याला पाऊण तास. म्हणजे पावणेतीनला खाली इमारतीत. गोंडोलाने उतरायला रांगेसकट वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे सव्वादोनला स्की पायातून काढलेल्या हव्यात.

मग सकाळची बाजू. सातच्या सुमाराची गाडी, साडेआठच्या आसपास गाला. बूट, कपडे, लॉकर यात तास. साडेनऊ-पावणेदहाला गोंडोला. दहाला लेकीची शिकवणी, ती बाराला संपणार. जेवण पाऊण तास. उरला सव्वा ते दीड तास.

घरातून सकाळी सहाला निघून संध्याकाळी साडेसातला परत येणाऱ्या दिवसात पायात स्की असणार फक्त साडेतीन तास. कागदावर हे दिसल्यावर नवरा गप्प झाला. त्याच्या डोक्यात दिवसभर डोंगरावर राहायचं होतं. त्याने शेवटची गाडी धरू म्हणून सुचवलं. मी त्याला एवढंच सांगितलं, की गोंडोला बंद व्हायच्या वेळी वरची सगळी माणसं एकदम खाली यायला निघतात. खालपर्यंत उतरणारी अडीच किलोमीटरची वाट पुरेसा बर्फ साठल्याशिवाय उघडत नाही, आणि उघडली तरी आईला आणि लेकीला ती उपयोगाची नाही. चार वाजता त्या रांगेत आईला अर्धा-पाऊण तास उभं करायचं का? त्याने कागद घेतला आणि सव्वादोनच्या आकड्याखाली स्वतः रेघ मारली. माझ्या मते एका दिवसाच्या स्कीच्या सहलीत खरा निर्णय हा एवढाच असतो: उतरायचं कधी. तो मजेत असताना घेता येत नाही, घरी बसूनच घ्यावा लागतो, आणि गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून घ्यावा लागतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. जॅकेट, पँट, बूट, स्की सगळं तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे, टोपी आणि गॉगल मात्र आपले न्यावेत. मी वर्कमन या कामगारांच्या कपड्यांच्या दुकानातून तिघांचे पाणी न शिरणारे हातमोजे घेतले. बांधकामावरच्या आणि मासळी बाजारातल्या माणसांसाठी ते बनवतात, त्यामुळे भिजत नाहीत आणि स्कीच्या दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. लेकीसाठी दोन जोड. आत सुती काही घालायचं नाही, जीन्स तर नाहीच. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलं की अंग गार पडतं. आईला आतून थर्मल, वरून तिचा स्वेटर, त्यावर नवऱ्याचं जॅकेट. साडी नेसूनच येणार असा तिचा आग्रह होता. दोन दिवस त्यावर बोलणं झालं आणि शेवटी ती सलवारीवर तयार झाली, आत थर्मलची पँट घालून. तळाला खोल खाचा असलेले बर्फाचे बूट मात्र तिच्यासाठी विकतच घेतले. तिथे तिचा पाय घसरला असता, तर बाकी कुठल्याच तयारीला अर्थ उरला नसता.

भाड्याच्या सामानाचा अर्ज घरूनच भरता येतो. त्यात उंची, वजन आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारतात. वजन खरं लिहा. बूट स्कीला ज्या पकडीत अडकतो, तिचा ताण उंची-वजनावरून लावतात. पडल्यावर पाय मुरगळायच्या आत ती पकड सुटावी लागते, आणि ती कधी सुटेल हे त्या आकड्यावर अवलंबून असतं.

खाण्याचा प्रश्न आम्हा शाकाहाऱ्यांना जपानात रोजचाच. डोंगरावरच्या उपाहारगृहात करी-भात आणि रामेन, दोन्हींत मांस किंवा माशाचं पाणी. आईने आदल्या रात्री दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. थंडीत घट्ट होत नाही असं आमच्याकडचं प्रवासाचं खाणं तेच. थर्मासमध्ये आल्याचा चहा. "आता पहाटेचा चहा कुणाकडं मागायला नको," ती म्हणाली.

सोमवारी पहाटे अंधारात निघालो. तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून जमिनीखालच्या वाटेने चालत तोक्यो स्टेशन. शिंकान्सेनच्या फलाटावर हातात लांब पिशव्या घेतलेली माणसं दिसायला लागली, तसं लेकीने आजीचा हात घट्ट धरला. तिथपर्यंत तिला हे खरं वाटत नव्हतं.

ओमिया गेलं, ताकासाकी गेलं. बाहेर लख्ख ऊन. गुन्मातली शेतं कोरडी, तपकिरी, बांधावर वाळकं गवत. या भागातल्या हिवाळी वाऱ्याला काराक्काझे म्हणतात, रिकामा वारा. पाणी पलीकडेच टाकून आलेला. आई खिडकीला कपाळ लावून बसली होती. "हे तर आपलंच माळरान," ती म्हणाली. "बोराटीची झुडपं तेवढी नाहीत." तिला बर्फ दिसेल की नाही अशी शंका यायला लागलेली मला कळत होती. मी काही बोलले नाही.

जोमो-कोगेन स्टेशन गेलं आणि गाडी दाइशिमिझु बोगद्यात शिरली. बावीस किलोमीटरचा बोगदा, पाच-सहा मिनिटं नुसता अंधार आणि कानात दडे. खिडकीच्या काचेत आईचा चेहरा दिसत होता, त्यावर डब्यातला दिवा. आणि मग एकदम काच पांढरी झाली. छपरांवर कमरेएवढे थर, तारांवर बर्फ, देवदारांच्या फांद्या वजनाने खाली वाकलेल्या, आणि आभाळातून मोठे मोठे कण संथपणे खाली येत होते. पाच मिनिटांपूर्वीचं ऊन कुठल्या कुठे गेलेलं. आईने तोंडावर हात धरला. लेक मोठ्याने ओरडली, समोरच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं आणि त्या हसल्या. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "फळ्यावर काढायचे मी. डोंगराच्या अलीकडं ऊन, पलीकडं पाऊस. तीस-पस्तीस वर्षं काढलं. असं एका बोगद्यात कधी बघितलं नव्हतं."

गालाला उतरलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. सोमवार असल्याने रांग छोटी. अर्ज आधी भरलेला, त्यामुळे सामान वीस मिनिटांत हातात आलं. स्कीच्या बुटाबद्दल एक सांगायला हवं, कारण पहिल्यांदा जाणारे सगळे इथेच फसतात. चालताना जो आरामात वाटतो, तो बूट मोठा असतो. पायमोजा एकच घालायचा, लांब, सुरकुती न पडू देता. टाच मागे दाबून बसवायची आणि मग बकला लावायच्या. सरळ उभं राहिलं की बोटं टोकाला जेमतेम लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. नडगी समोरच्या जिभेवर टेकलेली हवी. लेकीने "टोचतंय" म्हटल्यावर मी बकल सोडली, तर नवऱ्याने खाली बसून तिचा पायमोजा वर ओढला. आत पँटची कड अडकली होती. ती बाहेर काढल्यावर टोचणं थांबलं. दोन मिनिटांचं काम, पण तसंच वर गेलो असतो तर दुपारपर्यंत नडगीवर वळ उठला असता.

गोंडोला सुमारे 800 मीटरवर नेऊन सोडतो. पाळणा चालत्या अवस्थेतच पकडायचा असतो, आईला याचीच धास्ती होती. नवऱ्याने तिथल्या माणसाला गुडघ्याचं सांगितलं, त्याने मान लववली आणि पाळण्याचा वेग कमी केला. "आई, तुम्ही उजवा पाय आधी टाका," नवरा म्हणाला, आणि ती आत बसली. वर जाताना खाली झाडांमधून सशाच्या पावलांची एक ओळ गेलेली दिसली. ती आजीने दाखवली नातीला. माझं लक्षच नव्हतं.

शिकवणीत लेकीसह पाच मुलं होती. इंग्रजीत हवी तर ती बरीच आधी नोंदवावी लागते, लेकीला जपानी येतं म्हणून आम्हाला ती अडचण नव्हती. शिक्षिकेने आधी पडायला शिकवलं: बाजूला, कुल्ल्यावर. मग उठायला, मग आडवं उभं राहून खेकड्यासारखं उतार चढायला. त्यानंतर थांबायला. तिने बर्फावर काठीने काताकाना लिपीतलं 'हा' हे अक्षर काढलं, म्हणजे वर एकमेकींजवळ येणाऱ्या आणि खाली फाकत जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू लांब. "हा नो जि," ती म्हणायची, 'हा'चा आकार. पाचही मुलं ते अक्षर शाळेत गिरवलेली, त्यामुळे वेगळं समजवावं लागलं नाही. आई बाकावर बसून हे पाहत होती. "हीच पद्धत," ती म्हणाली. "पोराला येतं तिथनं सुरू करायचं." जाता जाता तिने शिक्षिकेला नमस्कार केला. त्या बाईंनीही हातमोज्यांसकट हात जोडले.

आईचा बर्फ हातात घेण्याचा क्षण मी मनात बराच रंगवला होता. तो झाला तेव्हा मी नेमकी लेकीचं हेल्मेट बांधत होते. मागे वळले तर तिने एक हातमोजा काढला होता आणि उघड्या तळव्यावर पडणारे कण बघत होती, चष्मा कपाळावर सारून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन. "सगळ्यांना सहा कोपरे आहेत गं," ती म्हणाली. मग बाकाच्या कडेवरचा मूठभर बर्फ उचलून दाबला. तो मोकळाच राहिला, पिठासारखा. "लाडू वळत नाही याचा," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "फार थंड आणि कोरडा असला की नाही वळत, आई. पाणी असलं तरच चिकटतो." तिने मान डोलावली, पाक नसलेलं बेसन असावं तशी.

बाराला शिकवणी संपली. बाहेरचं खाणं कुठे खाल्लं तर चालेल हे विचारून घेतलं, त्यांनी दाखवलेल्या जागी बसून दशम्या-चटणी खाल्ली. लेकीने आधी हातमोजे बदलले. पहिला जोड बाहेरून ओला होता, आतून जवळजवळ कोरडा. नंतरच्या तासात नवरा दोनदा वरच्या उतारावरून जाऊन आला. मी आणि लेक छोट्या उतारावर 'हा' काढत खाली येत राहिलो, शेवटच्या खेपेला ती माझ्या पुढे गेली आणि आजीच्या समोर बरोबर थांबली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. लेक "अजून एकदा" म्हणाली. मलाही जायचं होतं, ऊन नुकतं ढगांतून बाहेर आलं होतं आणि उतार चमकत होता. नवऱ्याने घड्याळ दाखवलं. आम्ही स्की काढल्या.

बुटं परत करताना कळलं की आपण किती बरोबर वेळी खाली आलो. काउंटर रिकामे होते. आईला बसायला जागा होती, आणि घाई कुणालाच नव्हती.

एचिगो-युझावाला बसने दहा मिनिटंही लागत नाहीत. हा गावातला एक तास मी आईसाठी ठेवला होता, स्टेशनवरच्या भातासाठी. हा सगळा उओनुमाचा भाग, कोशिहिकारी तांदळासाठी जपानभर नाव असलेला. मीठ लावलेला नुसत्या भाताचा मोठा गोळा घेतला, माशाचं काही नाही याची खात्री करून. आईने एक घास खाल्ला आणि पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. "इंद्रायणीच्या जवळ जातो," ती म्हणाली, "पण गोडी जास्त. बर्फाचं पाणी मिळतं शेताला, होय ना?" मिळतं. वसंतात डोंगर वितळतो आणि तेच पाणी खाचरांत उतरतं.

मग आम्ही स्टेशनबाहेर आलो आणि आई थांबली.

रस्त्याच्या मधोमध एक नळी गाडलेली होती. थोड्या थोड्या अंतरावर तिला भोकं, आणि प्रत्येक भोकातून वीतभर उंच पाणी उडत होतं. सगळा रस्ता त्याने भिजलेला, कडेला छातीएवढे बर्फाचे ढीग, मधे बर्फाचा कणही नाही. डांबर लालसर झालं होतं, पाण्यातल्या लोखंडाने. निईगाताकडच्या गावांमध्ये बर्फ वितळवायला असंच करतात. शिंकान्सेनच्या रुळांवरही तिकडे कोमट पाण्याचे फवारे आहेत.

"हे पाणी कुठलं?" आईने विचारलं.

"जमिनीतलं. बोअर मारून उपसतात."

"दिवसभर?"

"बर्फ पडत असेल तोवर."

आमच्या दहिवडीकडच्या गावांना कुठल्या साली कुठल्या महिन्यात टँकर लागला, हे तिला पाठ आहे. शाळेतली मुलं मार्चनंतर घागरी घेऊन रांगेला जायची आणि ती हजेरीत त्यांच्या नावापुढे काहीच लिहायची नाही. तिने हातमोजा काढला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन थोडी वाकली आणि त्या कारंज्यावर हात धरला. मला वाटलं, गार लागून ती हात मागे घेईल. तिने घेतला नाही.

"विहिरीचं पाणी आहे," ती म्हणाली. "थंडीत विहिरीचं पाणी असंच कोमट लागतं. आपल्या जुन्या विहिरीचं लागायचं."

मी तिला सांगितलं की याच खोऱ्यात पुढे, मिनामी-उओनुमाच्या बाजूला, हिवाळ्यात इतकं पाणी उपसलं जातं की काही ठिकाणी जमीन खचली आहे. "खचणारच," ती म्हणाली. "उपसलं ते भरून यायला वेळ लागतो. मग जमीन वसते." तिने हात जॅकेटला पुसला नाही, ओलाच खिशात घातला. नंतर चालताना तीनदा मागे वळून बघितलं तिने त्या पाण्याकडे. तिथे उभं राहायला आणखी थोडा वेळ हवा होता का, असं विचारलं तर म्हणाली, "नको, गाडीची वेळ लिहिलीय ना तू."

गाडी वेळेवर आली. बोगदा आला तेव्हा लेक आजीच्या मांडीवर झोपली होती, त्यामुळे या वेळी पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं कोरडं होताना आम्ही तिघांनीच पाहिलं. ताकासाकीला दिवे लागले होते. रस्ते सुके.

साडेसातच्या आत आम्ही घरी होतो. मी कुकर लावला. आईने गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधली आणि लेकीचे दोन्ही जोड घेऊन बसली. एकेक हातमोजा उलटा केला, आतलं अस्तर बोटाबोटाने चाचपून पाहिलं, आणि ते हीटरपासून लांब, खुर्चीच्या पाठीवर ओळीने अडकवले. शेवटी तिने कपाटातून दोन वर्षांपूर्वीचे, स्वतः विणलेले लोकरीचे काढून आणले आणि त्यातला एक त्या मोठ्या मोज्याच्या आत घालून पाहिला.

"मावतो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आतनं हे घाला. दोन टाके कमी करून देते."